तीर्थनच्या पाण्यात बाबांची गरी

"मासा पकडायचा आणि परत सोडायचा? मग भिजायचं कशाला?"

चंदीगड सोडल्यापासून बाबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा आमची गाडी मंडीच्या पुढे बियास नदीच्या काठाने चालली होती. मला काही धड उत्तर देता आलं नाही. माशेलच्या माणसाला हे समजावणं सोपं नाही. आमच्या घरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वार माशावरूनच ओळखले जातात. बाबा वयाच्या आठव्या वर्षापासून गरी घेऊन मानशीवर बसलेले. भरतीचं पाणी खाजनात शिरताना शेवटो कुठून येतो, ओहोटीला चोणक कुठे दबा धरतो, हे त्यांना तोंडपाठ. कुंभारजुव्याच्या बाजूला मगरी आहेत म्हणून आई ओरडायची, तर ते म्हणायचे, "मगरीला माझं नाव माहीत आहे."

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हाताची पकड मात्र पुरती परतली नाही. चमचा धरता येतो, पण शर्टाचं वरचं बटण लागत नाही. त्यानंतर त्यांनी गरी माळ्यावर टाकली ती टाकलीच. कुणी विषय काढला की म्हणायचे, "आता नदीत मासे तरी कुठे राहिलेत?" ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी नोकरीनिमित्त चंदीगडला आहे. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने गेली तीन वर्षं मी हिमाचलात ट्राउटच्या मागे फिरते आहे. ऑक्टोबरात आई-बाबा राहायला आले, तेव्हा चार दिवसांची सुट्टी काढून मी बाबांना गाडीत घातलं. आईने थंडीचं निमित्त सांगून चंदीगडलाच राहणं पसंत केलं. बाबांना मी फक्त "नदी बघायला चला" इतकंच सांगितलं होतं. डिकीतल्या काठ्या त्यांनी पहिल्याच चहाच्या थांब्यावर पाहिल्या.

औटच्या बोगद्यात न शिरता लारजीकडे वळलं की थोड्याच वेळात तीर्थन नदी सोबतीला येते. लारजीपाशी ती बियासला मिळते. तिथे धरण आहे, पाणी अडलेलं आणि हिरवट, त्यामुळे पहिली भेट काही खास होत नाही. बंजार मागे टाकून गुशैणीच्या रस्त्याला लागल्यावर मात्र नदी मोकळी होते. पावसाळाभर ती गढूळ आणि रागीट असते. २०२३ च्या जुलैमध्ये तर बियासच्या खोऱ्यात पुराने रस्ते, पूल, घरं धुऊन नेली. पण दसऱ्यानंतर पाणी उतरतं आणि इतकं नितळ होतं की कंबरभर डोहाच्या तळाचे दगड एकेक करून मोजावेत. मक्याची कणसं छपरांवर वाळत घातलेली असतात, सगळा उतार नारिंगी दिसतो. सफरचंदं बहुतेक उतरलेली असतात. आपल्याकडे याच दिवसांत उकाड्याने जीव नकोसा होतो.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण बाबांनीही पहिल्यांदा तीच विचारली. हा मासा इथला नाही. आपल्या देशात ट्राउट इंग्रजांनी आणला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विलायतेहून त्याची अंडी बर्फात जपत काश्मीरला आणली गेली. पहिला प्रयत्न वाया गेला, दुसरा साधला. तिथून तो कुलूकडे आला. १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कटराईनजवळ महिली इथे अंडी उबवण्याचं केंद्र काढलं आणि बियासच्या उपनद्यांमध्ये पिल्लं सोडली. हा तपकिरी ट्राउट, म्हणजे ब्राऊन ट्राउट. अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. हॉटेलात ताटात येतो तो बहुतेक वेळा शेतात वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. तो मूळचा अमेरिकेचा.

"मग इथला मासा कुठला?" बाबा.

इथला मासा गुगली. इंग्रजीत त्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउट नाहीच. तो आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. पाहुण्याने त्याच्या घरात शिरून त्याची जागा आणि त्याची पिल्लं दोन्ही खाल्ली. हे सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण मी ज्या माशावर जीव टाकते तोच हा पाहुणा. पण गोष्ट इतकी सरळ नाही. तीर्थन आज मोकळी वाहते, त्यात या पाहुण्याचाही वाटा आहे. या नदीवर छोटे वीज प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि खोऱ्यातले लोक त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, कोर्टात गेले, आणि प्रकल्प रद्द झाले. ट्राउट आणि त्यासाठी येणारे पर्यटक हा त्यांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा होता. नदीचा उगम ज्या डोंगरांत आहे, तो भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो. १९९९ मध्ये ते उद्यान झालं आणि २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे भाडेकरूने घर वाचवलं." मग थोड्या वेळाने, "पण मालक कुठे गेला ते बघ."

पहिल्या दिवशी ते नुसते दगडावर बसले. मी पाण्यात. आमच्या सोबत गावातले एक भाईजी होते. साठीचे, पायात रबरी बूट, हातात काठी, बोलणं कमी. लहानपणापासून याच नदीवर. परवाना मी आधीच काढून ठेवला होता. इथे मत्स्य खात्याच्या परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. दिवसाला किती मासे आणि केवढे ठेवायचे यालाही मर्यादा आहे, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची मासेमारी पूर्ण बंद. म्हणजे आमच्या हातात हंगामाचे शेवटचे चार दिवस होते.

बाबांना पहिला धक्का वेळेचा बसला. गोव्यात गरवायला जायचं ते भरती-ओहोटी आणि तिथी बघून, मग रात्रीचे दोन वाजोत. इथे भाईजींनी सांगितलं, दहाच्या आत कशाला यायचं? ऊन पाण्यावर आलं की किडे उठतात, किडे उठले की मासा उठतो. "सरकारी कचेरी आहे ही," बाबा म्हणाले.

दुसरा धक्का आमिषाचा. आमिषच नाही. फ्लाय म्हणजे बारीक गळावर दोऱ्याने बांधलेली पिसं. कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाचे केस, तांब्याची तार, असल्या वस्तूंतून एक किडा उभा करायचा. बाबांनी माझी डबी उघडून एकेक फ्लाय तळहातावर घेतली. सुंगट नाही, कुर्लीचा तुकडा नाही, वास नाही. "याला फसतो म्हणजे मासा मूर्खच असणार."

त्यावर भाईजी उठले, पाण्यात हात घालून नारळाएवढा एक दगड उचलला आणि उलटा करून बाबांच्या समोर धरला. दगडाच्या पोटाला जीवच जीव चिकटलेले. तीन शेपट्यांचे चपटे किडे सैरावैरा पळत होते. दोन शेपट्यांचे थोडे मोठे, सावकाश. काहींनी वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधलं होतं, त्यातून फक्त डोकं बाहेर. ट्राउटचं जेवण बहुतांशी हेच. वर उडणारा किडा आपल्याला दिसतो, पण त्याचं बहुतेक आयुष्य दगडाखाली जातं आणि मासाही बहुतेक वेळ तळाशीच चरतो. बाबांनी चष्मा वर करून त्या किड्यांकडे पाहिलं. मग पुन्हा डबी उघडली आणि त्यातली एक राखाडी, तीन शेपट्यांची फ्लाय बोटाने बाजूला केली. "ही," म्हणाले. तेव्हाच मला कळलं की हे आता दगडावर बसून राहायचे नाहीत.

पण हात?

फ्लायची काठी टाकायची तऱ्हा वेगळी असते. गरीला शिशाचं वजन असतं, ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायला वजनच नसतं. वजन असतं दोरीत. म्हणून काठीने दोरी आधी मागे न्यायची, ती पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, मग पुढे. घाई केली तर दोरी चाबकासारखी वाजते आणि फ्लाय तुटून जाते. उशीर केला तर मागच्या झुडपात अडकते. हे सगळं मनगटावर आणि पकडीवर. शिवाय दुसऱ्या हाताने दोरी सांभाळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी उजव्या हातात काठी घेतली. तिसऱ्या फेकीला ती हातातून सुटून पाण्यात पडली. भाईजींनी पळत जाऊन आणली. बाबा काही बोलले नाहीत. डबा उघडून थंडगार पराठा खात बसले. मला वाटलं, संपलं. आपण त्यांना उगाच आणलं, जखमेवर बोट ठेवलं.

त्या रात्री मी फार वेळ जागी होते. खाली नदीचा आवाज, शेजारच्या खाटेवर बाबांचा श्वास. शेवटी एक साधी गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. तीर्थनसारख्या दगडाळ, उसळत्या नदीत लांब फेकीची गरजच नसते. मोठ्या दगडांच्या मागे बादलीएवढे शांत खळगे असतात, मासा तिथेच उभा असतो. आपण जवळ जायचं, आखूड दोरीने, डोक्याला पितळेचा मणी लावलेली जड फ्लाय नुसती वरच्या अंगाला सोडायची आणि काठीचं टोक उंच धरून तिच्यासोबत खाली येऊ द्यायचं. दोरी ताणलेली ठेवायची, पण ओढायची नाही. पाणी उसळतं असल्यामुळे मासा आपल्याला पाहत नाही. फक्त खालच्या अंगाने जायचं, कारण ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो. हे डाव्या हातानेही जमतं. आणि हे फेकणं कमी, गरवणंच जास्त आहे.

तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या डाव्या हातात काठी दिली आणि उजव्या हाताची तर्जनी दोरीवर ठेवून दिली. त्या बोटात जोर नाही, पण स्पर्श आहे. भाईजी त्यांचा दंड धरून उभे. गुळगुळीत दगडांवर पाय सरकतो, त्यामुळे गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात जायचं नाही हे ठरलेलं. पाणी असं थंड की पाच मिनिटांत पायांची शुद्ध जाते. "मगर नाही ना?" बाबांनी भाईजींना हिंदीत विचारलं. भाईजींना ती थट्टा कळली नाही, त्यांनी गंभीरपणे नाही म्हणून सांगितलं.

पहिला अर्धा तास काहीच नाही. एक काळसर पक्षी पाण्यातल्या दगडावर बसून गुडघे वाकवल्यासारखा खालीवर होत होता, मधेच सरळ पाण्यात शिरून बाहेर यायचा. बाबा त्याच्याकडेच बघत होते. आणि बघता बघता त्यांनी काठी उचलली. मला दोरी हललेली दिसली नव्हती, भाईजींनाही नाही. काठी वाकली, आणि खळग्यातून एक पिवळी चकाकी वर येऊन पुन्हा खाली गेली.

"कसं कळलं?" मी नंतर विचारलं.

"बोटाला कळतं," ते म्हणाले. "शेवटो असाच चाखतो. ओढत नाही. श्वास घेतल्यासारखं करतो."

मासा वीतभराहून थोडा मोठा असेल. ठेवण्याच्या मापात बसत नव्हता. भाईजींनी जाळीत घेतला आणि पाण्यातच धरून ठेवला. मी सांगितलं, हात आधी भिजवा. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाने मरतो. बाबांनी उजवा हात पाण्यात बुडवला आणि माशाच्या पोटाखाली धरला. त्याला पकडायचं नव्हतंच, नुसता आधार द्यायचा होता. तेवढं त्या हाताला जमलं. गळाला काटा ठेवलेला नव्हता, तो चिमटीने सहज निघाला. मासा दोन-तीन क्षण हातावर तसाच राहिला, कल्ले हलवत, आणि गेला. मी फोटो काढायला विसरले. आई अजून त्याबद्दल बोलते.

संध्याकाळी बाबांनी ट्राउट खायचा हट्ट धरला. शेतातला रेनबो, मोहरीच्या तेलात तळलेला. दोन घास खाऊन म्हणाले, "वाईट नाही. पण याला समुद्र माहीत नाही." मीठ मागून घेतलं. सिड्डू मात्र तूप घालून दोन खाल्ले.

शेवटच्या दिवसाबद्दल लिहावं की नाही, हे मी बरेच दिवस ठरवत होते. त्यात माझी बाजू फार चांगली दिसत नाही.

दुपारी एका मोठ्या डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी पसरून उथळ होतं आणि तळाला बारीक खडी आहे, तिथे मला एक मासा दिसला. दीड हाताचा तरी असेल. तीन वर्षांत एवढा ट्राउट मी पाहिला नव्हता, धरायची गोष्ट तर दूर. तो उघड्यावर उभा होता, हलत नव्हता. त्याच्या मागे आणखी एक, काळपट, खालचा जबडा आकडीसारखा वर वळलेला. मी गुडघ्यांवर बसले, फ्लाय बदलली आणि फेकली. आखूड पडली. दुसरी बरोबर त्याच्या नाकासमोरून गेली. त्याने ढुंकून पाहिलं नाही. मी तिसरीसाठी दोरी मागे घेतली, तेवढ्यात भाईजी मागून हळूच म्हणाले, "मादा है. बिस्तर बना रही है."

त्या क्षणी ती आडवी झाली आणि शेपटीने खडी उडवायला लागली. तिच्याखालची जागा बाजूच्या तळापेक्षा उजळ, धुतल्यासारखी दिसत होती. ब्राऊन ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतो. मादी खडीत खळगा करते, अंडी घालते, वर पुन्हा खडी लोटते. त्या खडीतून वाहणाऱ्या थंड पाण्यावर ती अंडी हिवाळाभर जगतात. पाणी जितकं थंड तितका वेळ जास्त, दोन-तीन महिनेही लागतात. वरून गाळ बसला, रस्त्याचा राडारोडा नदीत लोटला, किंवा कुणी नुसतं त्या खडीवरून चालत गेलं, तरी आतली अंडी मरतात. नोव्हेंबरची बंदी असते ती यासाठीच. पण मादीला कॅलेंडर कळत नाही. माझा परवाना आजच्या दिवसापुरता पक्का होता, आणि तो मासा मापात नक्की बसत होता.

मी दोरी हातात धरून तशीच बसले. खरं सांगते, मला तिसरी फेक करायची होती.

बाबा काठावरून विचारत होते, "गाभोळी आहे का तिच्या पोटात?"

"आहे."

त्यांनी "टाकू नकोस" म्हटलं नाही. थोड्या वेळाने ते आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागले. त्यांचं आजोळ सत्तरीत. मृग बरसला की ओहोळ भरायचे आणि चढणीचे मासे नदीतून उलटे शेतांकडे यायचे. रात्री सगळा गाव पेटत्या चुडी आणि कोयते घेऊन ओहोळात. बाबाही मामांबरोबर असायचे. "पाण्यात कोयता मारला की लागायचाच, एवढे मासे. घरी आणून चिरले की गाभोळीच गाभोळी. आज्जी वेगळी तळायची. आम्ही भांडायचो त्यावरून." मग थांबून म्हणाले, "मागे चौकशी केली होती मी. त्या ओहोळात आता चढण होत नाही. मामाचा मुलगा म्हणतो, खाणींमुळे. असेल खाणींमुळे. थोडं आमच्यामुळेही असेल."

मी दोरी गुंडाळली. भाईजींनी आम्हाला त्या खडीपासून लांब, वरच्या वाटेने फिरवून नेलं. चढ थोडा अवघड होता. बाबांना दोन ठिकाणी हात द्यावा लागला, आणि दोन्ही वेळा त्यांनी उजवा हात पुढे केला. तो मासा मी अजून विसरलेले नाही. कधी कधी रात्री वाटतं, दुसरी फेक थोडी खोल गेली असती तर तिने घेतलीही असती, आणि मग मी काय केलं असतं, कोण जाणे.

नोव्हेंबरात आई-बाबा गोव्याला परतले. डिसेंबरात एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. मागे वारा आणि पाण्याचा आवाज. मानशीवर होते. माळ्यावरची काठी काढून घेतली होती आणि डाव्या हाताने टाकत होते. उजव्या हाताचं बोट दोरीवर.

"काय मिळालं?"

"शेवटो. बऱ्यापैकी."

"सोडलात ना?"

"सोडतो कशाला? तुझी आई वाटण वाटून बसली आहे."